दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

गालिच्यांच्या कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे मामा म्हणत आणि पाठ वळली की भागाकार. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जरा जास्तच आवडायचं. समोर आकडा आला की तो फोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जिन्याच्या पायऱ्या, बाटलीतल्या गोळ्या, शेजारच्या दारावरचा नंबर, सगळ्याला आधी दोनाने, मग तिनाने, मग पाचाने भाग देऊन बघायचे. मामी सांगायच्या, की पहिल्या भेटीत ह्यांनी आधी खोलीतल्या खिडक्या मोजल्या आणि मग आपल्याकडे पाहिलं. मामांनी ही गोष्ट कधी नाकारली नाही. खिडक्या सात होत्या, एवढंच ते म्हणायचे.

कारखान्यात त्यांच्याकडे दोन कामं होती. गालिचा विणायच्या आधी मागावर उभे दोरे ताणून बसवावे लागतात, त्याला ताणा म्हणतात. तो मामा लावायचे. मग विणणारा दोन-दोन दोऱ्यांवर लोकरीची एकेक गाठ मारत ओळ पुरी करतो आणि ओळीवर ओळ चढवत जातो. एका ओळीतल्या गाठी गुणिले एकूण ओळी, हा झाला गालिच्याचा आकडा. वहीत तेवढाच चढायचा, लांबी वेगळी नाही की रुंदी वेगळी नाही. कारखान्याची जुनी पद्धत होती. हा आकडा खरा की खोटा ते तपासून खाली सही करायची, हे मामांचं दुसरं काम.

दोन्ही डोळ्यांच्या, एकामागून एक अशा दोन शस्त्रक्रिया उरकून मामा पाच महिन्यांनी कामावर परतले, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी ती वही मागवली. नव्या डोळ्यांना आकडे कसे लख्ख दिसत होते. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. १०,२२,११७. पुढे विणणारीची सही होती, आणि ती त्यांच्या भाचीची होती.

मामांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

त्याचं असं होतं. हा गालिचा हजार बाय हजारचा ठरलेला होता. म्हणजे गाठी बरोबर दहा लाख. त्यासाठीचा ताणा मामांनीच लावला होता, शस्त्रक्रियेच्या आदल्याच आठवड्यात. मग हे वरचे बावीस हजार एकशे सतरा आले कुठून? बरं, एकट्याने दहा लाख गाठींचा गालिचा पुरा केला, की विणणाऱ्याला स्वतःची खूण मिळायची. पुढच्या प्रत्येक गालिच्याच्या कोपऱ्यात ती खूण विणायची आणि खिडकीजवळचा माग कायमचा आपला. साऱ्या कारखान्यात अशी चारच माणसं होती. भाचीने गेली सहा वर्षं या खुणेचा ध्यास घेतला होता. आणि उलटा नियमही तेवढाच पक्का होता: ज्याचा आकडा खोटा निघाला, त्याला पुन्हा माग नाही.

हा नियम शेवटचा लागू झाला तो भाचीच्या बापाला. मामांच्या बहिणीचा नवरा. तो नसलेल्या ओळी वहीत चढवायचा, आणि त्याला पकडलं होतं मामांनीच. तो गेला तो गेलाच. पुढे दोन वर्षांत बहीणही वारली आणि सात वर्षांची भाची मामांच्या घरी आली. मामांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं यात वाद नाही. पण तिने दुधाचा पेला सांडला आणि सांडला नाही म्हटलं, की मामांना तिच्या तोंडावर तिचा बाप दिसायचा. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मामींना मात्र न सांगता कळलं होतं.

गालिचा नुसता उलगडून पाहिला असता तर प्रश्न मिटला असता. पण तो उलगडायचा कसा? मामा परतले त्याच्या आदल्याच दिवशी तो मागावरून कापून, गुंडाळून, जाड कापडात शिवला गेला होता आणि गिऱ्हाइकाच्या माणसाने त्यावर लाखेचं सील ठोकलं होतं. एरवी कापलेला गालिचा आठवडाभर जमिनीवर पसरून ठेवतात. इतकी घाई कुणाला झाली होती, असं मामांनी गोदामवाल्याला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या भाचीलाच. स्वतः सुई घेऊन बसली होती.

कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि एकदा तसं वाटायला लागलं की माणसाला मागचंही सगळं आठवायला लागतं. डोळ्यांवर पट्टी बांधून मामा घरी पडून होते तेव्हा भाची रोज संध्याकाळी उशाशी येऊन बसायची. तेव्हा त्यांना केवढं भरून यायचं. पण आता आठवलं, की ती विचारायची काय? ताणा लावताना दर शंभर जोड्यांना तुम्ही लाल दोरा बांधता, तो कशासाठी? लावून झाल्यावर पुन्हा मोजता का? दुसरं कुणी मोजतं का? मामांनी भोळेपणाने सगळं सांगून टाकलं होतं. पुन्हा कशाला मोजायचं, माझी बोटं बघतात, असंही म्हणाले होते. आता त्यांना स्वतःचाच राग आला. पोरगी आपल्याकडूनच तपासणीच्या पळवाटा काढून घेत होती आणि आपण पट्टीखालून कौतुकाने हसत होतो.

त्या रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की गालिचा केवढा झाला. भाची म्हणाली, मोठा झाला. किती मोठा, म्हटल्यावर ती ताट उचलून मोरीकडे गेली. ताटात अर्धं जेवण तसंच होतं.

"तिलाच नीट बसवून विचारा ना," मामी म्हणाल्या.

"तिला विचारून काय मिळणार?" मामा म्हणाले. "मी आकड्यालाच विचारतो. आकडा खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मामांनी आकड्याची चौकशी सुरू केली. युक्ती अगदी सरळ होती. गालिचा चौकोनी असतो, म्हणून त्याचा आकडा हा दोन बाजूंचा गुणाकार असायलाच हवा. तेव्हा या आकड्याला निःशेष भागणारी एक तरी बाजू सापडली पाहिजे. सापडलीच नाही, तर असा गालिचा जगातल्या कुठल्याही मागावर विणता येणार नाही, आणि आकडा मनाने ठोकलेला आहे हे सिद्ध.

सम नाही, म्हणजे दोन गेला. अंकांची बेरीज चौदा, म्हणजे तीन गेला, त्याच्यासोबत नऊही गेला. शेवटी सात, म्हणजे पाच गेला. साताने भाग दिला तर बाकी पाच. तेराने दिला तरी बाकी पाच. सतराने दिला, बाकी नऊ. मामा कागदावर बाकी लिहायचे आणि तिच्याखाली रेघ ओढायचे. प्रत्येक रेघ ओढताना त्यांना वाईट वाटायचं, आणि वाईट वाटण्याच्या तळाशी थोडं बरंही वाटायचं. आपला संशय खरा ठरत चालला की माणसाला असं बरं वाटतं. मामांना या बरं वाटण्याची लाज वाटली, पण हात काही थांबला नाही.

त्यांच्याजवळ विद्यार्थिदशेपासूनची एक खिशात मावणारी पुस्तिका होती. एक ते हजारपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तिच्यात छापलेल्या होत्या, म्हणजे ज्या आणखी फुटत नाहीत अशा. एकंदर एकशे अडुसष्ट. कुठलाही मोठा आकडा फुटायचा असेल तर यांच्यापैकीच कुणाने तरी फुटतो, अशी मामांची श्रद्धा होती. दहा लाखांचं वर्गमूळ हजार, तेव्हा धाकटी बाजू हजाराच्या आत सापडायला हवी. हजारापर्यंत जायचं आणि थांबायचं. त्यांनी रोजच्या अठ्ठावीस अशी वाटणी केली. सहा दिवसांत काम फत्ते.

ते सहा दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मामा टेबलाशी कागद घेऊन बसायचे आणि भाची त्यांच्या कोपरापाशी चहा ठेवून जायची. चहा ठेवताना तिची नजर कागदावर पडते की काय, हे मामा तिरक्या डोळ्याने बघायचे. तिसऱ्या दिवशी पडली. वरती ठळक लिहिलेला आकडा तिने वाचला आणि तिचा चेहरा उतरला. कपाच्या कानाशी चाळा करत उभी राहिली आणि निघून गेली. मामांनी ही खूणगाठही मनाशी बांधली.

चौथ्या दिवशी त्यांचा एक भागाकार चुकला आणि बाकी शून्य आली. मामा टुणकन उठून उभे राहिले, त्यांचा जीव भांड्यात पडला होता. मामींना हाक मारणार इतक्यात चूक दिसली. ते परत बसले आणि बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिले. पोरगी सुटावी असंही त्यांना वाटत होतं, हे इथे सांगून ठेवलं पाहिजे.

सहाव्या दिवशी दुपारी ते शेवटच्या पानावर आले. नऊशे त्र्याऐंशी, बाकी सातशे ऐंशी. नऊशे एक्क्याण्णव, बाकी तीनशे शहाण्णव. नऊशे सत्त्याण्णव, बाकी एकशे ब्याण्णव. पुस्तिका संपली. मामांनी ती मिटली, कागदांची चळत केली आणि उठून थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेले.

मालकीणबाई थोडक्यात बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागद चाळले, त्यातलं फारसं कळलं नाही हे लपवलंही नाही, आणि तुमची खात्री आहे का एवढंच विचारलं. मामा म्हणाले, की हा आकडा फुटतच नाही, आणि जो फुटत नाही तो गालिचा असू शकत नाही. कुणी विणलाय ते तुम्हाला माहीत आहे ना, असं बाईंनी विचारलं. मामा म्हणाले, म्हणूनच सहा दिवस लावले.

ठरलं असं, की उद्या सकाळी भाचीला समोर बोलवायचं, सील तोडायचं आणि निकाल लावायचा. तिचा माग मात्र आजच रिकामा करून ठेवायचा. ते काम ताणा लावणाऱ्याचं, म्हणजे मामांचंच.

भाची त्या दिवशी लोकर धुण्याच्या खोलीत होती. तिच्या मागावर गालिचा कापल्यावर उरलेली दोऱ्यांची टोकं वरच्या रुळाला तशीच लोंबत होती. मामांनी स्टूल ओढलं आणि कात्री हातात घेतली. दोरे नुसते सपासप कापून टाकायचे होते. पण हे पडले भागाकार. न मोजता हातातून काही जाऊ द्यायचं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. ते डावीकडून मोजत कापत निघाले, जोडी-जोडीने. शंभर जोड्या झाल्या, तिथे त्यांचा लाल दोरा होता. दोनशे, लाल दोरा. असं सातशेपर्यंत सगळं शिस्तीत आलं.

सातशेच्या पुढे ते शंभरपर्यंत आले आणि लाल दोरा आला नाही.

मामांनी कात्री खाली ठेवली. पुढे मोजलं. एकशे एक, एकशे दोन. एकशे तेराव्या जोडीनंतर त्यांचाच लाल दोरा होता, त्यांच्याच बोटांच्या सवयीने उलटी गाठ मारलेला. आणि शंभराव्या जोडीवर, जिथे तो असायला हवा होता तिथे, कुणीतरी बारीक निळा दोरा बांधला होता.

आधी त्यांना वाटलं, हीसुद्धा पोरीचीच काही चलाखी असेल. मग सगळं एकदम आठवलं. तो आठवा शंभर मोजत असताना मामी डोळ्यांचे थेंब घेऊन आल्या होत्या. थेंब घालून झाल्यावर सगळं धूसर झालं. कितीवर होतो, तर सत्तावन्नवर, असं म्हणून त्यांनी पुढे मोजायला घेतलं होतं. ते सत्तरवर होते. पुन्हा मोजलं नव्हतं, कारण बोटं बघत होती.

त्यांनी उरलेले दोन शंभर मोजले. ते बरोबर होते. म्हणजे एका ओळीत एक हजार तेरा गाठी. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी मागाच्या लाकडावरच भागाकार मांडला. दहा लाख बावीस हजार एकशे सतरा भागिले एक हजार तेरा. उत्तर आलं एक हजार नऊ. बाकी शून्य.

मामा स्टुलावरच बसून राहिले. एक हजार नऊसुद्धा मूळ संख्या आणि एक हजार तेरासुद्धा. नऊशे सत्त्याण्णवनंतरच्या अगदी पहिल्या दोन. पुस्तिका जिथे संपली तिथून आणखी एक पाऊल टाकलं असतं, तर आकडा पायाशी फुटून पडला असता. हजाराच्या वर्गाला आकडा कुठे संपला होता? तो बावीस हजारांनी पुढे होता, आणि ते बावीस हजार तर पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत सलत होते. शाळकरी मुलाने केली असती तर कान पिळला असता अशी चूक. ती का झाली हेही त्यांना कळत होतं. न फुटणारा आकडाच त्यांना हवा होता.

मग बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसत गेल्या. पोरीला ताण्यातल्या तेरा जोड्या जास्तीच्या दिसल्या. मधूनच ओढून काढाव्यात तर भगदाड पडलं असतं. अख्खा ताणा नव्याने लावायला सांगावं तर कुणी चुकवला हे कारखानाभर झालं असतं, आणि डोळे गेलेल्या माणसाकडे पुन्हा ताणा कोण देणार? म्हणून तिने डावीकडे सहा आणि उजवीकडे सात गाठींनी किनार वाढवली, आणि गालिचा आडवा ताणलेला दिसू नये म्हणून ओळीही नऊ वाढवल्या. उशाशी बसून प्रश्न विचारले ते दुसरं कुणी मोजणार नाही ना, याची खात्री करायला. घाईने शिवून टाकलं तेही त्यासाठीच. पण वहीत खोटं लिहायला तिचा हात धजला नाही. दहा लाख लिहून मोकळी झाली असती, तर मामांनी डोळे मिटून सही केली असती.

सकाळी मालकीणबाईंच्या खोलीत भाची भिंतीला टेकून उभी होती. ओढणीचं टोक तिने बोटाला गुंडाळलं होतं. काही विचारलं तरी बोलायचं नाही, असं ठरवून आलेली दिसत होती. मामांनी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. त्यांनी वही उघडली, आकड्याच्या शेजारी १००९ × १०१३ असं लिहिलं, त्याखाली सही केली, आणि सहीखाली लिहिलं: ताणा चुकला, लावणारा मी. मग हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

बाईंनी वही बघितली. सील तोडायची गरज नाही म्हणाल्या. भाचीची खूण मंजूर झाली. पण तिचीही खरडपट्टी निघाली, ताणा चुकलाय हे कळल्या दिवशीच तिने सांगायला हवं होतं म्हणून. आणि मामांना त्यांनी स्वच्छ सांगितलं, की यापुढे ताणा एकट्याने लावायचा नाही. मागून मोजणारं दुसरं माणूस हवं. कोण ते तुम्ही ठरवा.

बाहेरच्या व्हरांड्यात मामा थांबले. माफी कशी मागतात याचा त्यांना फारसा सराव नव्हता. कालच्या सगळ्या गोष्टी जुळवून सांगाव्यात म्हणून त्यांनी सुरुवात केली, पुस्तिकेचं सांगितलं, नऊशे सत्त्याण्णवचं सांगितलं. भाचीने सगळं ऐकून घेतलं.

"मामा," ती म्हणाली, "सहा दिवस तुम्ही एकशे अडुसष्ट आकड्यांना विचारलंत. मी रोज चहा घेऊन शेजारी उभी राहत होते."

खरं होतं, आणि त्याला कशानेच भाग जात नव्हता. मामांचे डोळे भरून आले तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लावू नका म्हटलंय असं काहीतरी ते पुटपुटले, आणि रुमाल शोधू लागले. रुमाल भाचीनेच दिला. ती मात्र हसली नाही. ती हसायला पुढे बरेच दिवस गेले.

खिडकीजवळच्या मागावर नवा ताणा चढला तेव्हा मागून मोजायला भाचीच होती. तशी अट तिनेच घातली होती. मामांनी पहिल्या शंभर जोड्या लावल्या, लाल दोरा बांधला आणि सवयीने पुढची जोडी उचलली.

"थांबा," भाची म्हणाली.

ती स्टुलावर बसली आणि पहिल्या जोडीपासून मोजू लागली. घाई नव्हती. मध्येच एकदा थांबून दहा जोड्या मागे गेली आणि पुन्हा पुढे आली. मामा हातात दोरा धरून तिच्या बोटांकडे बघत उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना असं उभं केलं होतं. त्या उभं राहण्यात किती वेळ जातो आणि तोंड कसं कोरडं पडतं, हे त्यांना आज कळत होतं. शेवटच्या जोडीवर ती जरा थबकली, तेव्हा त्यांनी हातातला दोरा घट्ट आवळला.

मग तिने खिशातून निळा दोरा काढला आणि लाल दोऱ्याला लागून बांधला.

"शंभर," ती म्हणाली. "पुढे लावा."